तेल खाली आहे

संहिता: आणि हा माझा मिसळणाचा डबा.

यशवर्धन: तो तू इथेच सोडून गेली होतीस.

संहिता: सोडून मी तुलाही गेले होते, यशवर्धन. म्हणून कुणी तुझ्यात नट-बोल्ट भरून ठेवले का? हळदीच्या वाटीत वॉशर, मोहरीच्या वाटीत स्क्रू. आणि जिऱ्याच्या वाटीत हे काळं, बुळबुळीत काय आहे?

यशवर्धन: ग्रीस आहे. हात नको लावू, ओढणीला लागलं तर निघत नाही.

संहिता: दीड वर्ष वेगळी राहिलेली बायको दारात उभी राहते आणि नवऱ्याला तिच्या ओढणीची चिंता पडते. एकोणीस वर्षांच्या संसारात एवढाच गुण उगवायचा राहिला होता.

यशवर्धन: भांडायला आली असशील तर बस, खुर्ची आहे. डबा न्यायला आली असशील तर धुऊन देतो.

संहिता: गाडी न्यायला आले आहे. जेवणं आटोपली की टेम्पो येईल.

यशवर्धन: टेम्पो? कोणाचा?

संहिता: मल्हारगंजात, आत्यांच्या गल्लीत एकजण कपाटं वाहतो. मोटारसायकलही वाहीन म्हणाला. मी म्हटलं, मोटारसायकल नाही, अवशेष आहेत. दोरी जास्त आण.

यशवर्धन: अशी कशी नेशील? इंजिन वरून खुलं आहे. टाकी बाहेर आहे.

संहिता: दिसतंय मला. टाकी खाटेवर झोपली आहे, मागची सीट जमिनीवर पडली आहे आणि मधोमध इंजिन आ वासून बसलं आहे. तुझे पूर्वज होळकरांच्या रिसाल्यात होते ना? दसऱ्याला तलवारीला हळद-कुंकू वाहताना आत्या दरवर्षी सांगतात. त्यांचा घोडा बसला असता तर त्यांनी त्याला उठवला असता, नाही तर पुरला असता. दोन पावसाळे दारात सोलून ठेवला नसता.

यशवर्धन: इंजिन आहे ते. पोहे नाहीत, की परतले, जीरावन भुरभुरलं नि झालं. सीझ झालेलं इंजिन होतं. पिस्टन चिकटलेले, बोअर घासलेला. ओव्हरसाइज पिस्टन शोधायलाच किती चकरा झाल्या, तुला माहीत आहे?

संहिता: माहीत नाही आणि जाणून घ्यायची उत्सुकताही नाही. तुझा धंदाच चमत्कारिक आहे. विमा कंपन्यांसाठी दुसऱ्यांच्या चेपलेल्या गाड्यांभोवती एक फेरी मारतोस आणि दोन ओळींत निकाल लावतोस: टोटल लॉस. परक्याच्या गाडीला दोन ओळी आणि घरच्या गाडीला दोन वर्षं.

यशवर्धन: हिला मी टोटल लॉस लिहिलं नाही ना. बस, तेवढाच फरक आहे.

संहिता: लिहायला ती तुझी नाही. महूच्या त्या कर्नलसाहेबांच्या बंगल्यातून ही मी विकत घेतली. माझ्या पगारातून, माझ्या नावावर. तू नुसता तिच्याभोवती फिरत होतास, त्यांच्या कुत्र्यासारखा.

यशवर्धन: आणि तू टाकीवर हात फिरवून काय बोलली होतीस? ही गाडी नाही, हा एक लांबलचक वाक्याचा आरंभ आहे. कर्नलसाहेब घाबरून माझ्याकडे बघायला लागले. समजले, बाई गाडी परत करणार.

संहिता: तेव्हा मला लांब वाक्यं आवडायची.

यशवर्धन: आता?

संहिता: आता पूर्णविराम आवडतो. इंजिनावर झाकण ठेव, बोल्ट कस, नाही तर सगळं पिशवीत भरून दे. जे उरलं आहे ते दुसरा कुणीही करील. मला चालेल. तू सोडून कुणीही.

यशवर्धन: चालेल म्हणे. तुझ्या मराठीच्या वर्गात पोरांपेक्षा पंखे जास्त आहेत, आणि ताठा बघ. एक महिना सांभाळू शकणार नाहीस हिला. कार्बोरेटर कशाशी खातात, माहीत आहे?

संहिता: नाही. पण तुझ्याकडे काढलेल्या एकोणीस वर्षांत काहीही न पचवता जगायला शिकले आहे. फोन वाजतोय तुझा.

यशवर्धन: आत्याचा आहे. जरा बटन दाब ना, हात खराब आहेत. स्पीकरवर टाक.

कुमुदिनीआत्या: हॅलो, यशू? ऐकू येतंय का रे?

यशवर्धन: हां आत्या, बोल.

कुमुदिनीआत्या: संहिता निघालीय बेटा, तुझ्याकडेच येतेय. ती पोचायच्या आधी सांगून टाकते, नंतर नको म्हणूस की आत्या बोलली नाही. ती खोली खाली करतेय.

यशवर्धन: कुठली खोली?

कुमुदिनीआत्या: अरे माझी, वरची. महिना संपला की सांगलीला चाललीय, माहेरी. तिकडे कॉलेजात लागलीय तिला नोकरी. मला म्हणाली, यशवर्धनला सांगू नका. म्हणून तर फोन लावला.

संहिता: आत्या, मी पोचले आहे. इथेच उभी आहे.

कुमुदिनीआत्या: पोचलीस का? बरं झालं. म्हणजे पाठीमागे काही बोलले नाही मी, तोंडावरच बोलले.

यशवर्धन: सांगली?

कुमुदिनीआत्या: आता तू पण तिच्या तोंडावर बोलून टाक यशू, की गाडी दिवाळीतच झाली होती. सगळी झाली होती गं. मला फोन करून म्हणाला, आत्या, उद्या चालू करतो. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे, परत खोलली. संक्रांतीला परत बंद केली, परत खोलली. मी म्हटलं, बेटा, ही गाडी आहे की वरणाचा कुकर?

यशवर्धन: आत्या, ठेवतो मी. काम चाललंय.

कुमुदिनीआत्या: ठेव, ठेव. आणि दोघं जेवून घ्या. उपाशीपोटी माणूस खरं बोलतो, ते बरं नसतं.

संहिता: दिवाळीत झाली होती?

यशवर्धन: सांगलीला कधी ठरलं?

संहिता: मी आधी विचारलं.

यशवर्धन: झाली होती मतलब, झाल्यासारखी होती. एक आवाज येत होता. टिक, टिक. वॉल्व्हच्या बाजूने. म्हणून परत उघडली.

संहिता: चालू न करताच आवाज येत होता?

यशवर्धन: हाताने फिरवून बघितलं तेव्हा. बारीक आवाज असतो तो. शंका असली तर इंजिन बंद करायचं नसतं, हा नियम आहे.

संहिता: मला रोज सकाळी वाटायचं, आज निरोप येईल, गाडी घेऊन जा. वाटायचं, माझ्याबद्दल मनात काही नसेल, निदान लोखंडाबद्दल तरी याच्यापाशी प्रामाणिकपणा आहे. तोही नाही. माणसं विणलेलं उसवतात, त्यात निदान लोकर तरी हाताशी राहते. तू नुसते बोल्ट उसवत होतास.

यशवर्धन: आवाज होता.

संहिता: असेल. आता माझ्यासमोर बंद कर. झाकण, बोल्ट, तेल, टाकी. पाने मी देते.

यशवर्धन: तू देणार?

संहिता: आजवर कुणी दिले? तू गाडीखाली पसरायचास आणि नुसता पंजा वर काढायचास. तुझा चेहरा मी दहाच्या पान्याइतकाही पाहिला नसेल. हा घे. दहाचाच लागतो ना?

यशवर्धन: दहाचा. थांब, आधी गास्केट नीट बसू दे. आता हा बोल्ट. आता समोरचा, तिरका. एका बाजूने कसत गेलं की दुसरी बाजू उचलते.

संहिता: हे ज्ञान तू कधी घरात वापरलं नाहीस.

यशवर्धन: टॉर्कचा पाना दे. तो लांबवाला. मी इकडून धरतो, तू ओढ. टक वाजलं की सोड.

संहिता: नाही जमत.

यशवर्धन: काय झालं?

संहिता: मनगट. या बाजूला जोर देता येत नाही.

यशवर्धन: प्लेट अजून आत आहे? डॉक्टर काढणार होते ना?

संहिता: आहे. तीही स्क्रूंवरच आहे. पण ज्याने बसवली, त्याने त्याच दिवशी उघडलं आणि त्याच दिवशी बंद केलं. त्याला काही टिक टिक ऐकू आली नाही.

यशवर्धन: तू मांडूच्या अपघातावर येणारच होतीस, माहीत होतं मला.

संहिता: मी मांडूहून परत आलेच कधी? त्या रस्त्यावर पडले ती अजून तिथेच पडले आहे. तू धारहून आलास, जीपमधून उतरलास, आणि पहिला हात कुठे ठेवलास, आठवतं?

यशवर्धन: आठवतं.

संहिता: सांग.

यशवर्धन: इंजिनावर.

संहिता: मी मनगट मांडीवर धरून दगडावर बसले होते. आणि तू गाडीपाशी उकिडवा बसलास. माझ्याकडे न बघता म्हणालास, बंद का नाही केलंस?

यशवर्धन: कारण मी तुला फोनवर साफ सांगितलं होतं. साफ. गाडीत तेल नाही. तरी तू काढलीस. का, तर मी बोललो म्हणून. यशवर्धन बोलला ना, मग त्याच्या उलट करायचं. तुझा तोरा माझ्या इंजिनाने भोगला.

संहिता: किती निगरगट्ट आहेस. तू मला सांगितलंस तेल आहे. सांगितलंस तेल व्यवस्थित आहे. त्या भरवशावर मी निघाले. आणि मग इंजिन चिकटलं, मागचं चाक जागच्या जागी थिजलं, मी फेकले गेले, तेव्हा तू आपलं बोलणं फिरवलंस. इतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. तुझी चूक असती तर मी विसरले असते, यशवर्धन. मनगटासकट विसरले असते. अर्धं वर्ष तुझ्या कबुलीची वाट पाहिली, मग घर सोडलं ते त्या खोट्यासाठी.

यशवर्धन: मी खोटं बोललो नाही.

संहिता: मग मी बोलले?

यशवर्धन: तू ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं. मला आजपर्यंत हेच वाटतं. तुला खोटी म्हटलं नाही कधी. घमंडी म्हटलं.

संहिता: फार उपकार झाले. लाल दिवा लागतो ना तेल नसलं की? तो बघून मी थांबले असते, हे तर तुझ्या मनात आलं असेल.

यशवर्धन: आलं ना. रोज येतं.

संहिता: आणि रोज हेही येतं का, की तो दिवा सहा महिने सतत जळत होता? वायर कुठेतरी घासली आहे, लक्ष नको देऊ, असं कोण म्हणालं होतं? जगाच्या गाड्यांमधल्या चुका मोजत फिरणारा माणूस. स्वतःच्या गाडीत धोक्याचा दिवा लागला की म्हणतो, लक्ष नको देऊ.

यशवर्धन: वायर बदलली मी. सगळ्यात आधी तीच बदलली.

संहिता: कळलं. चल, उरकून टाक. सगळे बोल्ट झाले?

यशवर्धन: झाले. आता तेल.

संहिता: कुठे आहे तेल? मी देते.

यशवर्धन: हा डबा खाली आहे.

(संहिता ओढणी खांद्यावर टाकून टेबलाखाली वाकते. तिथे जुन्या सायकलचा पंप, फाटके मोजे आणि धूळ. दुखऱ्या मनगटाने ती एक खोका बाजूला सारते, आणखी आत पाहते. डबा नाही. वर यशवर्धन हातातला डबा उलटा करून हलवतो आहे. त्यातून थेंबही पडत नाही. तिला ते दिसत नाही.)

संहिता: इथे काहीच नाही.

यशवर्धन: कुठे?

संहिता: खाली.

यशवर्धन: अगं तिकडे कुठे शोधतेस? हा, माझ्या हातातला. खाली आहे मतलब रिकामा आहे. संपला. नवा वर फळीवर ठेवलाय.

संहिता: परत म्हण.

यशवर्धन: नवा फळीवर ठेवलाय.

संहिता: त्याच्या आधीचं.

यशवर्धन: डबा खाली आहे. अशी का बघतेस? डोकं आपटलं का टेबलाला?

संहिता: मांडूच्या त्या सकाळी मी फोन केला. तू धारला बल्ब आणायला गेला होतास, मागच्या दिव्याचा. परतीची बस नव्हती. मी म्हटलं, मी गाडी घेऊन येते तुला घ्यायला. आणि विचारलं, निघण्याआधी तेल बघू का? त्यावर तू काय म्हणालास?

यशवर्धन: बोललो ना, की तेल नाही. पहाटे तू झोपली होतीस तेव्हाच मी जुनं काढून टाकलं होतं. पुढे अजिंठ्यापर्यंत जायचं होतं, म्हटलं नवं टाकू. बल्बबरोबर धारहून तेही आणणार होतो.

संहिता: अर्थ नको सांगू. शब्द सांग. जसाच्या तसा.

यशवर्धन: तेल खाली आहे.

संहिता: तेल खाली आहे.

यशवर्धन: हां. हेच बोललो. आणि तू बोललीस, बरं. आणि फोन कटला. मी समजलो, बरं, थांबते.

संहिता: आदल्या संध्याकाळी, लॉजच्या अंगणात, तू मला तेल बघायला शिकवलंस. आठवतं? मोठा आव आणून शिकवलंस. गाडी मेन स्टँडवर लावायची. लगेच बघायचं नाही. वर चढलेलं तेल खाली बसू द्यायचं, मग इंजिनावरच्या त्या गोल काचेतून बघायचं. तेल खाली आलं की सगळं ठीक.

यशवर्धन: शिकवलं होतं.

संहिता: मी विचारलं, तेल बघू का. तू म्हणालास, तेल खाली आहे. मला वाटलं, रात्रभरात बसलं आहे. तळाशी आहे. जिथे असायला हवं तिथे आहे. काचेतून बघायचीही गरज नाही, यशवर्धन सांगतो आहे ना. मी म्हटलं, बरं.

यशवर्धन: अरे देवा.

संहिता: दोन वर्षं.

यशवर्धन: पण तू इतकी वर्षं इंदुरात आहेस. खाली मतलब काय ते तुला माहीत नाही? रिक्षा खाली आहे, सीट खाली आहे, आत्तासुद्धा आत्या बोलली, खोली खाली करतेय. तेव्हा तर समजलं तुला.

संहिता: आत्यांचं समजलं. रिक्षावाल्याचं समजतं, भाजीवालीचं समजतं. बाहेर पडताना मी कान बदलून निघते.

यशवर्धन: मग माझं का नाही समजलं?

संहिता: कारण तू बोललास की मी कान बदलत नाही. तुझ्या तोंडून जे येईल ते माझ्याच भाषेतलं असणार, असं धरून चालत होते. तुझी चेष्टा करायचे, तुझे शब्द सुधारायचे, पण ऐकायचे आपलं म्हणूनच. तेवढा मान तुला दिला होता. फुकट गेला.

यशवर्धन: मी दुसरा शब्द वापरला असता. रिकामं बोललो असतो.

संहिता: किंवा नुसतं, येऊ नको, म्हणाला असतास. ते दोन्हीकडे सारखंच आहे.

यशवर्धन: मला वाटायचं, तुला मी इतका फालतू वाटतो, की माझं ऐकून पण ऐकायचं नाही.

संहिता: फालतू तू मला वाटायचास. पण ऐकायचे मी.

यशवर्धन: आणि मी तुला खोटारडा वाटलो.

संहिता: दीड वर्ष रोज. त्यावर माझं बरं चाललं होतं. राग हा फार टापटिपीचा सोबती असतो, यशवर्धन, घर आवरून ठेवतो. आता हे एवढंसं क्रियाविशेषण निघालं. खाली. याच्यावर मी कुठला राग धरू?

यशवर्धन: माझ्यावरच धर. इंजिनावर हात तर मीच ठेवला होता.

संहिता: ते आहेच. त्याचं दुसऱ्या कुठल्या भाषेत काही वेगळं होत नाही.

यशवर्धन: नाही होत.

संहिता: का ठेवलास?

यशवर्धन: तू बसलेली दिसलीस. बसली आहे, म्हटलं, मतलब ठीक आहे. गाडी आडवी होती. जे आडवं दिसलं, तिकडे गेलो. रोज तेच करतो ना मी. माणसं बाजूला उभी असतात, मी गाडी बघतो.

संहिता: हे उत्तर वाईट आहे. पण तुझंच आहे, म्हणून चालवून घेते. फळीवरचा डबा दे. नवा, भरलेला.

यशवर्धन: मी ओततो.

संहिता: मी ओतते. तू काचेकडे बघ. आणि मराठीत सांग.

यशवर्धन: ओत. हळू. अजून ओत. अर्धी काच भरली. थोडं अजून. बस. आता आहे. तेल गाडीत आहे, पुरेसं आहे, जिथे पाहिजे तिथे आहे.

संहिता: एवढं लांब वाक्य तू पहिल्यांदाच सरळ बोललास. आता किल्ली फिरवू?

यशवर्धन: थांब, असं नाही. प्लग बाहेरच राहू दे. आधी पेटू द्यायचं नाही, नुसतं सेल्फने फिरवायचं, तेल वर चढेपर्यंत. नव्या बेअरिंगा कोरड्या आहेत. लाल दिव्याकडे बघत राहा.

संहिता: जळतो आहे.

यशवर्धन: जळू दे. सोड. परत दाब.

संहिता: अजून जळतोच आहे.

यशवर्धन: परत.

संहिता: यशवर्धन.

यशवर्धन: बुझला?

संहिता: दिव्याला बुझला म्हणू नये. विझलाही म्हणू नये. शांत झाला म्हणावं.

यशवर्धन: शांत झाला ना? मतलब तेल वर आलं. सरक, प्लग बसवतो. टाकीचं तोंड तिकडून धर, पाइप जोडू दे. आता चोक ओढ, मागे हो. मी दाबतो.

संहिता: मी दाबते. गाडी माझी आहे.

यशवर्धन: दाब मग.

संहिता: चालू झाली.

यशवर्धन: रेस नको करू. अशीच राहू दे, तिच्या मनाने.

संहिता: बोलू नको जरा. ऐकू दे.

यशवर्धन: काय ऐकतेस?

संहिता: तुझी टिक टिक. कुठल्या बाजूला येते ती? मला तर कुठेच ऐकू येत नाही.

यशवर्धन: नाहीये.

संहिता: दिवाळीत होती?

यशवर्धन: नव्हती.

संहिता: संक्रांतीला?

यशवर्धन: संहिता, तुझा फोन वाजतोय. टेम्पोवाला असेल. राऊच्या चौराह्यावर पोचला असेल, कुठे वळायचं विचारत असेल.

संहिता: वाजू दे. नव्हती, तर मग का उघडत होतास?

यशवर्धन: चालू झाली असती तर तू घेऊन गेली असतीस.

संहिता: आणि चालू नाही झाली तर मी टेम्पो आणला. हिशेब नेहमीप्रमाणे कच्चा.

यशवर्धन: आता नेशील?

संहिता: सांगलीची नोकरी खरी आहे. होकार दिला आहे मी. तो शब्द कुणी चुकीचा ऐकलेला नाही.

यशवर्धन: ठीक आहे. पण एक सांगतो. नवे पिस्टन आहेत. पहिले काही दिवस जवळच्या जवळ फिरवायची, हळू. मध्येमध्ये थांबून थंड होऊ द्यायची. एकमेकांना घासून घासून जागा होते त्यांची. एकदम सांगली नाही चालायची.

संहिता: हे इंजिनाचं म्हणणं आहे की तुझं?

यशवर्धन: इंजिनाचं.

संहिता: मग विश्वास ठेवायला हरकत नाही. मल्हारगंजापर्यंत चालेल?

यशवर्धन: मल्हारगंज चालेल. आत्याला दाखवू. तिकडून पाहिजे तर सराफ्यात, काही खायला. मग हळूहळू परत.

संहिता: परतीचं मी बोललेले नाही. मल्हारगंज. आणि टेम्पोवाल्याला सांगते, अवशेष सापडले नाहीत. चालवणार मी.

यशवर्धन: मनगट?

संहिता: ब्रेक दुसऱ्या हाताला आहे.

यशवर्धन: मग मी?

संहिता: मागे. आणि हात गाडीवर ठेवायचे नाहीत.

यशवर्धन: मागची सीट खाली आहे.

संहिता: कोणत्या भाषेत?

यशवर्धन: दोन्ही.

संहिता: मग आधी उचल ती.